पाळीचे चक्र लांब असल्यास प्रसूतीची तारीख

प्रश्न : पाळी 35 दिवसांनी येत असल्यास प्रसूतीची तारीख कशी काढावी?

उत्तर : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे सुमारे नऊ महिने सात दिवस, मोजण्याची रूढ पद्धत 28 दिवसांचे चक्र गृहीत धरते, पण 35 दिवसांच्या चक्रात बीजविमोचन, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे, आठवडाभर उशिरा होत असल्याने 10 जानेवारीच्या पाळीवरून येणारी 17 ऑक्टोबर ही तारीख 24 ऑक्टोबरपर्यंत पुढे जाते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून ही तारीख पडताळली जाते. विसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून मोजलेली गर्भाशयाची सेंटिमीटरमधील उंची साधारणपणे आठवड्यांच्या संख्येइतकी भरते. नेमक्या तारखेला थोड्याच स्त्रिया बाळंत होतात. तारीख उलटल्यास घाबरू नये, मात्र तपासणी टाळू नये.