खाडीत गरवायला शिकायचं, तर खर्च किती?

मालवण, देवगड, रत्नागिरी, दापोली, मुरूड, अलिबाग यांपैकी कुठेही गेलात आणि खाडीत किंवा खडपावर गळाने मासे पकडायला शिकवणारा जाणकार सोबत घेतलात, तर एका सकाळसाठी साधारण दीड ते सात हजार रुपये बाजूला ठेवावे लागतात. किनाऱ्यावरून शिकलात तर खालचा आकडा धरा, होडी घेतलीत तर वरचा. रॉड आणि रील यांचा खर्च वेगळा. बरेच नवखे आधी दहा-पंधरा हजारांचं सामान घेतात, पाण्यात काय चाललंय हे कळत नाही म्हणून कंटाळतात आणि सगळं माळ्यावर टाकतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी माणसावर खर्च करा, सामान मागाहून घ्या. आणि त्या माणसाकडे मासे मागण्यापेक्षा खाडी समजावून मागा. मासा तर बाजारातही मिळतो, पण अमुक खडकाला उतरत्या पाण्यात मासा का लागतो, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या गरवणाराच सांगू शकतो.

कोणाकडून शिकावं?

किनाऱ्यावर तीन प्रकारची माणसं भेटतात.

पहिला गावातला गरवणारा मच्छीमार. हा बहुधा हातदोरीने गरवतो. पाग (फेकायचं जाळं) टाकून जिवंत कोळंबी किंवा लहान बोय पकडतो आणि तेच आमिष लावतो. खाडीचा तळ त्याला पाठ असतो. मात्र तो आपणहून फार बोलत नाही, त्याला विचारावं लागतं.

दुसरा रॉड-रील वापरणारा हौशी, जो आता इतरांना घेऊन जातो. लुअर म्हणजे नकली आमिष कसं चालवायचं, गाठी कशा मारायच्या, रीलचा ड्रॅग किती ठेवायचा हे तो नीट शिकवतो. सामानही बहुतेक वेळा तोच देतो.

तिसरी पर्यटकांची होडी. डॉल्फिन, किल्ला आणि जोडीला तासभर ‘फिशिंग’. कुटुंबासोबत मौज म्हणून छान, पण त्यात शिकणं होत नाही. शिकायला जायचं असेल तर हे पैसे वाचवा.

शक्य असेल तर पहिली सकाळ दुसऱ्या प्रकारच्या माणसाबरोबर घालवा आणि पुढची पहिल्याबरोबर. हात आधी तयार झाले की मच्छीमाराच्या चार शब्दांचाही अर्थ लागतो.

दर साधारण किती?

या कामाला छापील दरपत्रक नसतं. गाव, हंगाम आणि सुट्ट्या पाहून आकडा वर-खाली होतो. बजेट आखण्यासाठी हे अंदाज धरा:

• खडप, जेटी किंवा पुळणीवरून, तीन-चार तास: १,५०० ते ३,००० रुपये.
• लहान होडीतून खाडीत, अर्धा दिवस: ३,५०० ते ७,००० रुपये. हा दर बहुधा होडीचा असतो, माणशी नसतो. तरी विचारून घ्या.
• मोठ्या होडीतून खाडीबाहेर, पूर्ण दिवस: १०,००० रुपये आणि पुढे. शिकाऊ माणसाला याची गरज नाही.
• रॉड-रीलचं भाडं: काही ठिकाणी दरातच धरलेलं, काही ठिकाणी वेगळं.
• हरवलेली लुअर: प्रत्येकी ३०० ते ८०० रुपये. तिवरांच्या मुळांत आणि खडकांत लुअर अडकणारच. ती कोणाच्या खर्चाने, हे निघण्याआधी ठरवा.

होडीत दोघं असाल तर खर्च निम्मा होतो आणि शिकणं कमी होत नाही. तिघं झालात की एकाला सतत थांबावं लागतं. चौघांत मार्गदर्शकाचा सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

सांगितलेला दर वाजवी आहे का, हे पाहणं सोपं आहे. खाडीतल्या लहान होडीला बहुधा दहाएक अश्वशक्तीचं इंजिन असतं. पूर्ण वेगात ते तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल पितं. चार तासांच्या फेरीत इंजिन फार तर दीड तास चालतं, बाकी वेळ होडी नांगरलेली असते किंवा पाण्याबरोबर वाहत असते. म्हणजे चार ते सहा लिटर, साधारण सहाशे रुपयांपर्यंत. त्यात होडी-इंजिनाची झीज, आमिष, सोबत खलाशी असेल तर त्याचा रोज आणि सांगणाऱ्याची सकाळ मिळवा. या शेवटच्या रकमेत घासाघीस करू नका. गावातला कुशल गवंडी किंवा सुतार जेवढा रोज घेतो, त्यापेक्षा कमी पैशांत खाडी शिकवण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

फोनवर काय विचारायचं?

सुरुवातीलाच सांगा: “दादा, मला मासे नेण्यासाठी यायचं नाही, गरवायला शिकायचंय. रॉड माझ्या हातात राहील, तुम्ही चुका सांगा.” या वाक्याने पुढची सकाळ बदलते. एरवी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तो स्वतःच मासा लावतो आणि रॉड तुमच्या हातात देतो. मग हे विचारा:

• दर होडीचा की माणशी? पेट्रोल, आमिष, सामान धरून की वेगळं?
• किती वाजता निघणार आणि ती वेळ का निवडली? उत्तरात भरती-ओहोटीचा उल्लेख आला तर माणूस जाणता आहे.
• सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट आहेत का?
• होडी नोंदलेली आहे का, आणि प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? मासेमारीची नोंदणी आणि प्रवासी वाहतुकीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात प्रवासी होड्यांचं काम मेरिटाइम बोर्ड पाहतं, गोव्यात बंदर कप्तान विभाग.
• हवा बिघडली तर आगाऊ रकमेचं काय? तारीख बदलून मिळायला हवी.
• पकडलेला मासा कोणाचा? काही ठिकाणी तो होडीवाल्याचा असतो.

“मासा शंभर टक्के मिळेल” असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. समुद्रावर अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

तारीख रविवार पाहून नको, तिथी पाहून ठरवा

तुमचे पैसे वसूल होतात की नाही, हे सर्वांत जास्त यावर ठरतं. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, त्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार थोडा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. पण फोनवर तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार असते आणि खाडी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी निवळतं पण जेमतेम हलतं. शिकण्यासाठी मधल्या तिथी चांगल्या. उदाहरण म्हणून पंचमी घ्या. भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी दहाच्या आसपास. सात ते अकरा अशी वेळ घेतलीत तर उतरतं पाणी, थांबलेलं पाणी आणि चढतं पाणी अशा तिन्ही अवस्था एकाच फेरीत दिसतात. शिवाय ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो. पुढे भरतीत मासा जिथे लपेल ते खडक, खड्डे आणि तिवरांची मुळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवता येतात.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसानंतर खाडी निवळायला वेळ लागतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, म्हणून सकाळच निवडा.

चार तासांत काय शिकून यायचं?

वही सोबत ठेवा आणि पुढच्या गोष्टी राहू देऊ नका.

पाणी वाचणं. दोन प्रवाह कुठे मिळतात, पुलाच्या खांबाआड पाणी कुठे शांत होतं, उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी तिवरांतून कुठल्या वाटेने बाहेर येते. जिताडा त्या वाटेकडेच तोंड करून उभा असतो.

मासे आणि त्यांच्या सवयी. जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, आडोशाला दबा धरतो. तांबोशी, गोव्यातला तांबसो, आमिष तोंडात घेताच मुळांकडे वळतो, त्यामुळे त्याला दोर देऊन चालत नाही. मुडदुशी वाळूच्या तळाशी लागते, तिच्यासाठी लहान गरी हवी. नवख्याने सुरुवात मुडदुशीपासून करावी. ती वारंवार लागते आणि हाताला टोच ओळखायची सवय होते.

दोन गाठी. एक गरीची आणि एक वेणीची दोरी लीडरला, म्हणजे गरीजवळच्या जाड दोऱ्याला, जोडण्याची. दोन्ही स्वतः मारून दाखवा आणि मार्गदर्शकाला ओढून पाहायला सांगा.

ड्रॅग. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्शावर ठेवतात. वीस पाउंडांची दोरी असेल तर पाच पाउंडांच्या ओढीला रील सुटायला हवी.

मासा सोडणं. ओल्या हाताने धरणं, पकडीने गरी काढणं, पाण्यात सरळ धरून तो स्वतः निघेपर्यंत थांबणं.

मग सामान

पहिली सकाळ उसन्या सामानावर काढा. कुठलं हाताला बसतं ते कळलं की हे घ्या:

• सात-आठ फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड: १,५०० ते ३,००० रुपये.
• ३००० किंवा ४००० आकाराची रील, खाऱ्या पाण्याला टिकणारी: २,००० ते ४,००० रुपये.
• वीस-तीस पाउंडांची वेणीची दोरी: ८०० ते १,५०० रुपये.
• लीडर: ५०० ते ९०० रुपये.
• तीन लुअर: १,२०० रुपयांपासून.
• पकड, गऱ्या, शिसं: ५०० रुपये.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. हे बिनखर्चाचं काम टाळलं तर नवी रील एका हंगामात जाम होते.

नियम आणि जीव

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत कोणी होडी काढायला तयार झाला, तरी तुम्ही तयार होऊ नका. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. त्याची हद्द कुठून सुरू होते, हे होडीवाल्याकडून आधी समजून घ्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. समुद्री कासव, करवत मासा, समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागले तर लगेच सोडायचे.

जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून खाडीतला सर्वांत मोठा जिताडा हा पुढच्या पिढीची आई असतो. मध्यम आकाराचा खाण्यासाठी ठेवा, मोठा फोटो काढून सोडा. खाडीत मासा राहिला तरच शिकवणाऱ्याचं पोट आणि तुमचा छंद, दोन्ही टिकतील.

शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. खडपावर कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट घाला. चढत्या पाण्यात मागची वाट कधी बंद होते, ते आधीच विचारून ठेवा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज पाहा. समुद्रात अडचण आल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

पैसे देताना

आगाऊ रक्कम फार तर पाव भाग द्या, बाकी किनाऱ्याला आल्यावर. मासा लागला नाही म्हणून रक्कम कापू नका. त्याने सकाळ दिली, पेट्रोल जाळलं आणि माहिती सांगितली. मनापासून शिकवलं असेल तर वर काही द्या, खलाशाला वेगळं द्या. आणि त्याने दाखवलेल्या जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. त्याचं पोट त्या जागांवर चालतं.

पहिल्या साडेतेरा हजारांचं नियोजन

किनाऱ्यावरची एक सकाळ २,००० रुपये. मित्राबरोबर निम्म्या वाट्याने होडीच्या दोन सकाळी, ५,००० चा दर धरला तर तुमचे ५,०००. सामान ६,५००. एकूण १३,५००. होडीच्या दोन्ही सकाळी एकाच माणसाबरोबर, एकाच खाडीत, पण वेगळ्या तिथींना घ्या. पूर्ण दिवसाच्या एका मोठ्या सफरीपेक्षा या दोन लहान फेऱ्या जास्त शिकवतात, कारण जागा तीच राहून पाणी बदललेलं दिसतं. त्यानंतर त्या खाडीत तुम्ही एकटे गेलात, तरी उभं कुठे राहायचं आणि किती वाजता, हे स्वतः ठरवू शकाल.