मीठ-साखरेचे पाणी : माप शिकू या

पावसाळ्यात मुलांना जुलाब लागले की आपण अंदाजाने मीठ-साखरेचे पाणी करतो. अंदाज मात्र घातक ठरू शकतो. ओआरएसची पुडी उत्तम. ती नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे.

याचे कारण मुलांना दाखवू या. बटाट्याची एक पातळ चकती साध्या पाण्यात, दुसरी खूप खारट पाण्यात तासभर ठेवावी. दुसरी लुळी पडते, कारण मीठ तिच्यातले पाणी ओढून घेते. जास्त मीठ बाळाच्या शरीरातलेही पाणी असेच ओढते.

बाळ पिईना, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांवर न थांबता लगेच दवाखाना गाठू या.