छातीतले घड्याळ

रात्री सारे निजले, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हांला स्पष्ट ऐकू येते. तेच घड्याळ दिवसाही तितक्याच जोराने टिकटिकत असते. मग दिवसा ते ऐकू का येत नाही?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईच्या हृदयातील खराब झडप काढून तेथे यांत्रिक झडप बसवली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण घरी आल्यावर तिला झोप येईना. विद्यार्थी घाबरून म्हणाला, "सर, आईच्या छातीत घड्याळ वाजतं, आणि तेही रात्रीच! झडप बिघडली असेल का?"

हृदयाची झडप म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार. १९६० साली अमेरिकेत स्टार आणि एडवर्ड्स यांनी तयार केलेल्या झडपेत पिंजऱ्यातील चेंडू हे काम करी. पुढे चेंडूच्या जागी चकती आली. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेली, १९९० साली प्रथम रुग्णाला बसवलेली 'चित्रा' झडप अशीच तिरक्या उघडणाऱ्या चकतीची आहे. मिटताना चकती कड्यावर आपटते आणि 'टक्' असा आवाज होतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसात १,००,८०० वेळा!

दिवसा घरात साधारण ५० डेसिबेल गोंगाट असतो. शांत रात्री तो ३० पर्यंत उतरतो. हा २० डेसिबेलचा फरक म्हणजे ध्वनीची तीव्रता शंभरपट कमी. झडपेचा आवाज वाढत नाही. त्याला झाकणारा गोंगाट नाहीसा होतो.

दुसरे कारण पाहण्यासाठी एक प्रयोग करा. टेबलावर टिकटिकणारे घड्याळ ठेवा आणि दुसऱ्या टोकाला लाकडावर कान टेकवा. हवेतून अस्पष्ट येणारा आवाज आता ठळक होईल. झडपेचा आवाजही रुग्णाच्या कानापर्यंत हवेतून येतो, तसाच शरीरातील हाडांमधूनही येतो.

उपायही यातूनच सुचतो. पंख्याची मंद घरघर टिकटिकीला झाकते. कूस बदलूनही आवाज कमी वाटू शकतो. शिवाय मेंदू सतत येणाऱ्या निरुपद्रवी आवाजाकडे हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.

अर्थात, झोप न येण्याचे हे एकच कारण नव्हे. छातीच्या मधल्या हाडाची जखम, अतिदक्षता विभागातील दिवे आणि आवाज, मनातील भीती यांनीही झोप मोडते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. मात्र झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. रक्त न गोठण्याच्या औषधाशी इतर औषधांचा मेळ बसावा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टिकटिक म्हणजे झडप चालू असल्याची खूण. ती एकाएकी दबली किंवा थांबली, तर चकतीवर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हे ऐकून माझा विद्यार्थी घरी गेला आणि त्याने आईला टेबलाचा प्रयोग करून दाखवला. काही दिवसांनी तो म्हणाला, "सर, आई आता पंखा लावून झोपते. मीच अधूनमधून टिकटिक ऐकून येतो!"