ठराव १९२३ चा, पाणी १९२७ चं

इतिहास म्हटला की बहुतेकांना दहावीच्या सनावळ्याच आठवतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'डेट्स' आणि 'इव्हेंट्स' असे दोन रकाने पाठ करायचो. मार्क मिळायचे, पण समजायचं काहीच नाही. मित्रांनो, आधुनिक इतिहास वाचायचा तर राजकारण आणि समाज शेजारी शेजारी ठेवून वाचावा. एकच उदाहरण घेऊ, महाडच्या चवदार तळ्याचं.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या! १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर काम फत्ते. प्रत्यक्षात तळ्यावर जायची सोय नव्हती. मार खायची भीती होती आणि पोटही गावावरच अवलंबून होतं.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. तळ्यावर जाणं तहकूब झालं, पण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पुढे १९५० पासून राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच बंद केली.

आता बघा, नुसते ठराव वाचले तर वाटेल प्रश्न १९२३ लाच सुटला. नुसता सत्याग्रह वाचला तर तो हक्क कागदावर आधीच होता हे कळणार नाही. शिवाय समाजाचे सरळ दोन गट पाडता येत नाहीत. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी बाबासाहेबांच्या बाजूने उभी होती.

म्हणून कुठलीही घटना वाचताना तीन प्रश्न विचारा. निर्णय कोणी घेतला? तो अमलात कोणी आणायचा होता? आणि ज्याच्यासाठी घेतला, त्याच्या रोजच्या जगण्यात काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत धडा संपला असं समजू नका.

आपल्या नोटीस बोर्डावर रॅगिंगबंदीचा कागद लागतो, तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. विशेषतः तिसरा, आणि तोही फर्स्ट इयरच्या मुलांना.