लोकलमधून पडल्यास: पहिला तास, पहिला आठवडा, पहिले वर्ष

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे रेल्वेच्या कडेला आहेत आणि घरातली कमावती माणसे रोज लोकलच्या दाराशी उभी राहून कामाला जातात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. अशा घरांत आम्ही जातो तेव्हा एकच वाक्य ऐकू येते, “दारात उभा होता, त्याचीच चूक. आता काय मिळणार?” हा समज खोटा आहे. या समजामुळे हक्काचे पैसे बुडतात, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

पहिला तास: जीव वाचवा

रुळावर माणूस पडलेला दिसला तर धावत रुळात उतरू नका. आधी स्टेशन मास्तरला किंवा पोलिसांना कळवा, गाड्या थांबू द्या. रेल्वेची हेल्पलाइन 139, रेल्वे पोलिसांची 1512 आणि रुग्णवाहिकेची 108 आहे. वरच्या तारेत 25,000 व्होल्टची वीज असते. तारेजवळ किंवा टपावर कोणाला झटका बसला असेल तर वीज बंद झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा. हात किंवा पाय तुटला असेल आणि रक्त थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टा किंवा ओढणी करकचून बांधा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो सैल करू नका. तुटलेला भाग स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट त्या भागाला लागू देऊ नका. मान आणि पाठ वाकवू नका. पाणी, चहा काहीही पाजू नका, कारण लगेच ऑपरेशन करावे लागू शकते.

“आधी पोलीस केस करा” असे सांगून कोणताही दवाखाना तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

दवाखान्यात काय लिहिले जाते?

कॅज्युअल्टीत डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, “कसे झाले?” घाबरलेला नातेवाईक म्हणतो, “रेल्वेखाली आला.” केसपेपरवर तेच उतरते. पुढे दाव्यात हाच कागद वाचला जातो आणि माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता, यावर वाद होतो. म्हणून खरे तेच, पण पूर्ण सांगा: कोणती गाडी, कुठून कुठे, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, आणि गाडीतून पडला की चढताना-उतरताना. माहीत नसेल तर “माहीत नाही” म्हणा, अंदाज सांगू नका. पोलीस जबाब लिहितात तेव्हा तो वाचून घेतल्याशिवाय किंवा कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.

दुसरी गोष्ट तिकिटाची. कॅज्युअल्टीत रक्ताने भिजलेले कपडे कापून काढतात आणि खिशातले तिकीट त्यातच जाते. कपडे, पाकीट, मोबाइल लगेच मागून घ्या आणि खिसे तपासा. पास असेल तर जपून ठेवा, मोबाइलवरच्या तिकिटाचा फोटो काढून ठेवा.

कायदा काय म्हणतो?

रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ नुसार प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर रेल्वेने भरपाई द्यायची आहे. त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि आजारपण ही कारणे असतील तर भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रीना देवी खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. चढता-उतरताना झालेला निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे. आणि अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडायची आणि मग बाकीचे पुरावे पाहिले जातात.

1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी 8 लाख रुपये, आणि इजेसाठी तिच्या स्वरूपाप्रमाणे 64 हजार ते 8 लाख रुपये भरपाई ठरलेली आहे.

रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला मात्र हे कलम सहसा लागू होत नाही, उलट कलम 147 खाली तो गुन्हा ठरतो. तिथे ‘गाडीतून पडला’ असे खोटे लिहून घेणारे दलाल भेटतात. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जुळत नाही, दावा फेटाळला जातो आणि घर अजून खड्ड्यात जाते.

पहिला आठवडा: कागद गोळा करा

- स्टेशन मास्तरच्या मेमोची नक्कल
- रेल्वे पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा आणि जबाब
- केसपेपर, एमएलसी नंबर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे
- मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला
- तिकीट किंवा पास, आधार, रेशनकार्ड, नाते दाखवणारे कागद
- सोबतच्या प्रवाशाचे नाव आणि फोन नंबर
- अपंगत्व आले असेल तर पुढे सरकारी दवाखान्याचा दाखला

पहिले वर्ष: अर्ज करा

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. महाराष्ट्रात त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. 1990 सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धही केंद्राच्या यादीत आले आहेत, म्हणून जातीचा दाखला सोबत ठेवा. 15100 या नंबरवर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. “मिळतील त्यातले निम्मे माझे” म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. बँक खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर असू द्या.

वस्तीने करायचे काम

भरपाईने पाय परत येत नाही. घाई कितीही असो, पूल वापरा आणि पोरांना रुळाकडेला खेळू देऊ नका. पूल लांब असेल किंवा संरक्षक भिंत पडली असेल तर सह्यांचे निवेदन विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला द्या आणि पोच घ्या. 139, 108, 1512 आणि 15100 हे चार नंबर विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. दहावी-बारावीच्या मुलामुलींकडून वरची कागदांची यादी उतरवून घ्या आणि प्रत्येक घरी एक प्रत द्या. अपघाताच्या दिवशी घरातले कोणीच शुद्धीवर नसते. त्या दिवशी शेजाऱ्याच्या हातात ही यादी असली पाहिजे.