तिकिटावरील गुराब

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस थळ नावाचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र पसरला आहे. किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे ते उंदेरी आणि दूरचे ते खांदेरी. खांदेरी किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. त्याच्या माथ्यावर १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे आणि भोवती काळ्या पाषाणाचा तट आहे.

नौकांच्या शर्यती जगात अनेक ठिकाणी होतात. यंत्राच्या बळावर धावणाऱ्या नौकांची अशी एक शर्यत २०१६ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर झाली. शर्यतीत हरणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही. परंतु थळच्या समुद्रात एकदा अशी धाव घ्यावी लागली, की नौका अडली असती तर बेटावरील माणसे उपाशी मेली असती.

ती गोष्ट १६७९ सालची. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात होती आणि जंजिऱ्याचा सिद्दी आपले आरमार घेऊन पावसाळ्यात तेथेच आश्रयाला राहत असे. या दोघांवर नजर ठेवावी, म्हणून शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्याचे ठरवले. मायनाक भंडारी काही माणसे व सामान घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना मानवणारे नव्हते. त्यांनी आपली जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला.

बेटावर धान्य पिकत नाही. तांदूळ, दारूगोळा, चुना, सारे काही थळ आणि नागाव येथूनच आणावे लागे. इंग्रजांची जहाजे मोठी होती व त्यांवर भारी तोफा होत्या; मात्र ती शिडांवर चालत. वारा पडला, की जागच्या जागी उभी राहत. शिवाय त्यांना खोल पाणी लागे. खडकांच्या जवळ जाणे त्यांना धोक्याचे होते. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या आणि वल्ह्यांच्या होत्या. वारा समोरून आला, तरी वल्हेकरी त्यांना पुढे रेटीत. रात्रीच्या काळोखात त्या किनाऱ्यावरून निघत, जहाजांना चुकवून बेट गाठत आणि ओझे उतरवून परत फिरत. मोठ्या तोफा जेथे पोहोचल्या नाहीत, तेथे वल्हे पोहोचले!

१८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमार इंग्रजांवर चालून गेले. इंग्रजांचे ‘डोव्हर’ नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. पुष्कळ जहाजे मागे सरली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र नेटाने झुंज दिली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. तरीही खांदेरीची रसद काही तुटली नाही. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठवला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. सिद्दीने मात्र शेजारचे उंदेरी बळकावले.

पुढे हे बेट सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. त्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन मुख्य जहाजे होती. गुराब मोठी असे. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिच्या पुढे आलेल्या नाळेवरून समोर तोफ डागता येई. गलबत लहान असे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला, की गलबते गुराबेस दोरांनी ओढीत लढाईच्या जागी नेत. थोरल्याला धाकट्याचा असा आधार असे. १७१८ साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराने खांदेरीवर स्वारी केली. तीही निष्फळ ठरली.

भारतीय टपाल खात्याने १९९९ च्या एप्रिलमध्ये तीन रुपयांचे एक तिकीट काढले. इ. स. १७०० च्या सुमाराच्या एका चित्रातील आंग्रे यांच्या आरमाराची गुराब त्यावर आहे. तिकीट केवळ बोटभर लांबीचे. परंतु पत्रावर चिकटले, की ते डोंगर ओलांडते, नद्या ओलांडते. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याच्या दारीही ही गुराब जाऊन पोहोचते. देश आपला इतिहास असा घरोघर पाठवीत असतो.

खांदेरीचा सन्मान पुढेही होत राहिला. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. २०१९ साली ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले; त्यांत खांदेरी आहे.

तिकिटावर गुराब आहे, सरखेलांचे नाव इतिहासात आहे. परंतु काळोखात तांदळाची पोती घेऊन जाणाऱ्या त्या वल्हेकऱ्यांची नावे कोणत्याही तिकिटावर नाहीत. त्यांच्या हातांच्या बळावर बेट टिकले. तिकिटावरील चित्र पाहताना त्यांचेही स्मरण व्हावे, हेच उचित.

स्वाध्याय

१. इंग्रजांची मोठी जहाजे मराठ्यांच्या होड्यांना का अडवू शकली नाहीत?
२. गुराब आणि गलबत यांतील फरक सांगा.
३. ‘थोरल्याला धाकट्याचा आधार असे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. खांदेरीच्या वल्हेकऱ्यांसाठी टपालाचे तिकीट काढावयाचे झाल्यास त्यावर कोणते चित्र असावे? आठ-दहा ओळींत वर्णन करा.