गावची पीएम किसानची यादी कशी वाचायची?

हप्ता पडला की कंपनीच्या ऑफिसात फोन सुरू होतात: "शेजाऱ्याचं आलं, माझं का नाही?" याचं अर्धं उत्तर तुमच्याच मोबाईलमध्ये आहे.

अनुदान कोणाला मिळालं हे गुपित नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनेची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा असतो. २०२० च्या कर्जमुक्तीच्या याद्या गावात लागल्या होत्या, आठवत असेल.

पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन ही साइट उघडा. 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'बेनिफिशिअरी लिस्ट' दाबा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून 'गेट रिपोर्ट' केलं की गावची नावं येतात. आधार किंवा खाते नंबर त्यात नसतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

स्वतःचं नाव सापडत नसेल किंवा हप्ता अडकला असेल तर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका. तिथे तीन गोष्टी बघा: ई-केवायसी, आधार बँकेला जोडलंय का, आणि जमिनीची नोंद (लँड सीडिंग). पहिली सीएससी सेंटरवर होते, दुसरी बँकेत. तिसरीसाठी सातबारा घेऊन तालुका कृषी कार्यालयात जावं लागतं आणि चकरा बहुतेक इथेच पडतात.

आता जरा नाजूक विषय. वडील वारले, पण त्यांच्या खात्यात हप्ता येतोच आहे, अशी घरं आपल्याकडे आहेत. हे पैसे पुढे वसूल होतात. आधी वारस नोंद करून घ्या. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन योजनेत धरत नाहीत, पण मृत्यूमुळे वारसाने आलेली धरतात. तसंच पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब, म्हणजे वर्षाला ६,००० एकदाच. इन्कम टॅक्स भरणारा घरात असेल तर तेही नाही. चुकून लाभ चालू असेल तर साइटवर तो स्वतःहून सोडायची सोय आहे.

यादी उघडी असण्याचा उपयोग काय, हे तामिळनाडूत दिसलं. २०२० मध्ये तिथे शेतकरी नसलेल्यांची लाखो नावं योजनेत घुसवल्याचं उघड झालं आणि शंभर कोटींच्या वर रक्कम भलत्यांच्या खात्यात गेली. अशी नावं गावातला माणूस जितक्या लवकर ओळखतो तितकी मंत्रालयातला नाही ओळखत.

यादीत खटकणारं नाव दिसलं तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून कोणाची अब्रू काढू नका; तो माणूस पात्रही असू शकतो. तालुका कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि एक. 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाइल कोणीही पाठवली, अगदी ओळखीच्या नंबरवरून आली, तरी उघडू नका. खातं रिकामं होतं. यादी फक्त साइटवर बघायची. अडलं तर हेल्पलाइन १५५२६१, नाहीतर सातबारा, आधार, पासबुक घेऊन सरळ ऑफिसात या.